ब्रिटनमध्ये १९१८ ते १९३९ कन्झर्व्हेटिव्हच का? या प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं वर्चस्व का होतं, असा प्रश्न आला की बहुतेक जण कारणांची यादी काढतात, विरोधातला लिबरल पक्ष फुटला, कन्झर्व्हेटिव्हचा नेता बाल्डविन लोकांना आवडायचा, पेपरवाले त्यांच्या बाजूचे होते, झालं उत्तर. कारणं बरोबर असतात, पण कुठलं कारण कुठल्या निवडणुकीला लागू पडतं हे कुठेच नसतं, आणि मार्क तिथेच जातात.

म्हणून आधी एका कागदावर सात निवडणुका एकाखाली एक लिहा, १९१८, १९२२, १९२३, १९२४, १९२९, १९३१, १९३५. प्रत्येकीसमोर दोन रकाने करा, कन्झर्व्हेटिव्हना मतं किती टक्के आणि जागा किती. हे केल्यावर जे दिसतं ते नुसतं वाचून लक्षात येत नाही. १९२२, १९२३ आणि १९२९ या तिन्ही वेळी त्यांची मतं साधारण ३८ टक्केच आहेत, पण जागा पहिल्यांदा ३४४ आणि पुढच्या दोन वेळा २६० च्या आसपास. म्हणजे मतांचा वाटा तेवढाच, फरक पडला तो समोरच्यांची मतं कशी विभागली त्यामुळे. १९२९ ला तर लेबरला, म्हणजे मजूर पक्षाला, मतं त्यांच्यापेक्षा कमी आणि जागा जास्त, २८७. ही निवडणूक उत्तरात जरूर घ्या, कारण एका मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून आला ही पद्धत दर वेळी कन्झर्व्हेटिव्हच्याच फायद्याची नव्हती हे त्यातून कळतं.

सुरुवातीलाच वर्चस्व म्हणजे काय ते एका वाक्यात सांगून टाका. लेबरची सरकारं दोनच, १९२४ मधलं काही महिन्यांचं आणि १९२९ ते ३१ चं, दोन्ही अल्पमतातली. बाकी सगळा काळ कन्झर्व्हेटिव्ह एकटे तरी सत्तेत होते किंवा आघाडीत मोठा भाऊ म्हणून. १९२२ पर्यंत पंतप्रधान लिबरल लॉइड जॉर्ज, १९३१ ते १९३५ मूळचा लेबरचा मॅकडोनाल्ड, दोघेही त्यांच्या पक्षाचे नाहीत, पण सरकार ज्या खासदारांच्या जोरावर उभं होतं ते बहुतांशी कन्झर्व्हेटिव्हच.

आता विसाचं दशक. इथे विरोधकांची फूट हे मुख्य कारण धरा. डिसेंबर १९१६ मध्ये आपल्याच पक्षाच्या पंतप्रधान अ‍ॅस्क्विथला बाजूला सारून लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाला तेव्हापासून लिबरल पक्ष दोन तुकड्यांत होता आणि डावीकडून लेबर वाढत होतं. यातच आयर्लंडचा मुद्दा घाला, तो बरेच जण विसरतात आणि माझ्या मते तो फार वजनदार आहे. युद्धाआधी आयरिश राष्ट्रवाद्यांचे ऐंशीच्या वर खासदार लिबरलांना साथ द्यायचे. १९१८ ला त्यांची जागा पूर्ण स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या सिन फेन पक्षाने घेतली, ७३ जागा जिंकल्या पण वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, जायचंच नाही म्हणाले, आणि १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट वेगळं झाल्यावर तो प्रश्नच मिटला, उरले उत्तर आयर्लंडमधले थोडे खासदार आणि ते बहुतेक युनियनिस्ट, ब्रिटनसोबतच राहू म्हणणारे, म्हणजे कन्झर्व्हेटिव्हचेच मित्र.

१९२४ ला मात्र जपून लिहा. झिनोव्हिएव्ह पत्रामुळे (सोव्हिएत नेत्याच्या नावाने मतदानाच्या तोंडावर छापलेलं, ब्रिटिश कम्युनिस्टांना चिथावणारं पत्र) लेबर हरलं असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका, कारण लेबरची मतं त्या निवडणुकीत दहा लाखांनी वाढली होती. कोसळले ते लिबरल, १५८ वरून थेट ४० जागांवर. समाजवादाला घाबरलेला लिबरल मतदार कन्झर्व्हेटिव्हकडे गेला, आणि तो जाऊ शकला कारण आदल्या वर्षी बाल्डविनला ज्या आयात कराने हरवलं होतं तो मुद्दा त्याने बाजूला ठेवला होता.

इथून पक्षाच्या स्वतःच्या मेहनतीकडे वळा, नाहीतर उत्तर सगळं नशिबावर जातं. १९१८ च्या कायद्याने मतदार ७७ लाखांवरून दोन कोटींच्या वर गेले, तिशीच्या पुढच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं, आणि या पक्षाने महिलांची संघटना गावोगावी उभी केली, सिनेमा दाखवणाऱ्या गाड्या फिरवल्या. रेडिओचं उदाहरण तर हमखास द्या, १९२४ ला मॅकडोनाल्डचं भाषण सभेतून प्रसारित झालं, आवाज चढलेला, कधी माइकपासून लांब, आणि बाल्डविन स्टुडिओत बसून घरातल्या माणसांशी बोलावं तसा बोलला. जोडीला आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेनचं काम, १९२५ चा विधवा आणि वृद्धांच्या पेन्शनचा कायदा, म्हणजे हा पक्ष फक्त जमीनदारांचा राहिला नव्हता.

तिसाच्या दशकात आल्यावर फुटीचं कारण मुख्य म्हणून चालत नाही. १९३१ ला एकट्या कन्झर्व्हेटिव्हना निम्म्याहून जास्त मतं मिळाली आणि १९३५ ला नॅशनल सरकारच्या, म्हणजे १९३१ पासूनच्या आघाडीच्या, सगळ्या पक्षांची मिळून निम्म्याच्या वर होती. तेव्हा कारणं दुसरी शोधा. ऑगस्ट १९३१ मध्ये बेकारभत्ता कापण्यावरून लेबरचं मंत्रिमंडळ फुटलं, त्यांचाच पंतप्रधान मॅकडोनाल्ड समोरच्या बाजूला गेला आणि लेबर पन्नासेक जागांवर आलं, मतं मात्र तीस टक्क्यांच्या आसपास टिकली होती हे लिहायला विसरू नका. १९३२ पासून बँक रेट, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा व्याजदर, दोन टक्के, कर्ज स्वस्त, दक्षिणेत आणि मिडलँड्समध्ये घरं धडाधड बांधली जात होती. बेकारी भयंकर होती, पण ती साउथ वेल्स, टाइनसाइड, क्लाइडसाइड अशा जुन्या उद्योगांच्या ठिकाणी साचलेली आणि तिथल्या बऱ्याच जागा तशाही लेबरच्याच, त्यामुळे बाकी देशातल्या निकालावर तिचा परिणाम कमी दिसला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला एक उदाहरण हाताशी असतं ते दोन ओळीत वापरा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याला चर्चिल आणि पक्षातल्या कडव्या गटाने कडाडून विरोध केला तरी बाल्डविनने तो पास करून घेतला. त्याच कायद्याखालच्या निवडणुकीनंतर १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. उत्तरात हे पक्षाच्या मध्यममार्गी धोरणाचा पुरावा म्हणून येऊ द्या, भारताचा इतिहास लिहीत बसू नका.