बाख बापलेकांच्या गांबा-सोनाटा : पिढीतला फरक वाजवताना कसा दाखवायचा

व्हायोला द गांबासाठी (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य; थोडक्यात गांबा) बापाने तीन सोनाटा (अनेक भागांच्या वाद्यरचना) लिहिल्या आणि लेकानेही तीनच. तुलनेसाठी बापाची, म्हणजे योहान सेबास्टियन बाखची, जी मेजर (बीडब्ल्यूव्ही १०२७) आणि लेकाची, म्हणजे कार्ल फिलिप एमान्युएलची, १७४६ची डी मेजर (वोटकेन १३७) शेजारी ठेवा; बीडब्ल्यूव्ही आणि वोटकेन हे दोघांच्या रचनांच्या सूचींतले क्रमांक.

आधी साथीच्या हार्पसिकॉर्डचा (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) उजवा हात बघा. बापाच्या सोनाटेत तो सुरासूर लिहिलेला आहे, म्हणजे गांबा, उजवा हात आणि बास (सर्वांत खालची ओळ) अशा तीन समान ओळी. गांबावादकाने उजव्या हाताची ओळ एकदा स्वतःच्या वाद्यावर वाजवावी; श्वास कुठे घ्यायचा ते तिथेच कळतं. इथली नेहमीची चूक म्हणजे गांबा एकल वाद्यासारखी पुढे येते आणि उजव्या हातातली चाल बुडते. हार्पसिकॉर्डला आवाज चढवता येत नाही, त्यामुळे चाल तिकडे गेली की गजाचा भार आपणच कमी करायचा. पहिल्या भागात, म्हणजे संथ अदाज्योत, एक ओळ चालते तेव्हा दुसरी लांब सूर धरते. हार्पसिकॉर्डवर हा सूर विरून जातो, तो ट्रिलने (वरच्या शेजारच्या सुराशी झपाट्याने आलटून-पालटून) जिवंत ठेवा.

लेकाच्या डी मेजरमध्ये उजवा हात लिहिलेलाच नाही. बास आणि त्यावर कोणते सूर घ्यायचे ते सुचवणारे आकडे, बस्स. तीन-चार सुरांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पुरेत, गांबाची चाल नाजूक झाली की दोनच. उजव्या हाताने स्वतःची चाल रचायला घेतली की शैली परत बापाच्या पिढीत जाते.

खरी मेख अपोजियातुरात, म्हणजे मुख्य सुराआधी टेकणाऱ्या शेजारच्या सुरात, आहे. एमान्युएलच्या १७५३च्या ग्रंथातला साधारण नियम असा : मुख्य सूर दोन मात्रांचा असेल तर लांब अपोजियातुरा एक मात्रा घेतो, तीन मात्रांचा असेल तर दोन. तो ठोक्यावरच येतो आणि जोरही त्याच्यावरच. मुख्य सूर त्याच गजात, हलका. अपोजियातुरा कणस्वरासारखा झटकन उरकला तर बासशी होणारा विसंवाद ऐकूच येत नाही आणि सगळा उसासा वाया जातो.

मात्र नुसत्या मांडणीवरून पिढी ओळखायला जाऊ नका. १७५९च्या जी मायनर सोनाटेत (वोटकेन ८८) लेकानेही उजवा हात पूर्ण लिहिला आहे. बापाची १०२९ही जी मायनरमधलीच, आणि तीही नेहमीच्या चार भागांऐवजी तीनच भागांची. या दोन सोनाटांत बासवर कान ठेवा. बापाचा बास स्वतःच एक चाल असतो, लेकाचा बहुतेकदा वरच्या चालीला टेका देतो.