आजीच्या ओव्या मोबाईलवर कशा रेकॉर्ड करायच्या

८ मार्चला नुसतं स्टेटस टाकण्यापेक्षा एक काम करा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवा. समोर बसवून "गा ना" म्हटलं तर ती "आता कुठं आठवतंय बाई" म्हणून उठतेच, त्यामुळे आधी हाताला काम द्या, माझी आजी शेंगा फोडायला बसली की पाच मिनिटांत आपोआप गुणगुणायला लागते. फोन एअरप्लेन मोडवर (माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच रिंगटोन वाजलीये), पंखा बंद, आणि फोन शेजारी उशीवर ठेवा, फरशीवर ठेवला की प्रत्येक शेंग फटाक्यासारखी वाजते. मधे टोकू नका. ओवी संपली की विचारा, ही कुणाकडून शिकलीस, खरा खजिना तिथंच निघतो, मला तिच्या आईचं नाव असंच कळलं, तेही वयाच्या ३२ व्या वर्षी! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमल्यात, आपल्याला घरातल्या १० मिळाल्या तरी खूप झालं. फाईलला तिचं नाव, गाव, तारीख द्या, एक कॉपी गूगल ड्राइव्हवर टाका. आणि मग तिलाच ऐकवा. माझी म्हणाली, "आवाज किती घोगरा झालाय गं माझा", आणि लगेच, "परत लाव".