बेटा माशाचं पाणी बदलताना

बेटा मासा दुकानात वाटीएवढ्या डब्यात मिळतो म्हणून घरीही बरणीत ठेवू नका. किमान १५-२० लिटरची टाकी हवी.

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला. २० लिटरमधून ५ लिटर, बस. सगळी टाकी उपसून घासली की माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे चांगले जिवाणू जातात, अमोनिया चढतो आणि मासा दोन-तीन दिवसांत मलूल होतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळा. पाणी चहासारखं गढूळ होईल, होऊ द्या.

ठाणे असो वा मोरबे धरणाचं पाणी पिणारी नवी मुंबई, नळाला क्लोरीन असतंच. बादलीत बाटलीवरच्या प्रमाणात अँटीक्लोरीन (माशाला घातक क्लोरीन घालवणारं औषध) टाका, मगच पाणी टाकीत. सोसायटीची टाकी नुकतीच धुतली असेल आणि नळाला ब्लीचिंगचा वास येत असेल, तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

तापमान २५ ते २८ अंश. इथल्या उन्हाळ्यात हीटर लागत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाण्याचं तापमान बरंच उतरतं. तेव्हा २५ वॅटचा, थर्मोस्टॅटवाला (ठरल्या तापमानाला आपोआप बंद होणारा) हीटर लावा. बादलीतलं पाणीही त्याच तापमानाचं हवं, थर्मामीटरने बघा.

वर ३-४ सेंटीमीटर जागा सोडून झाकण ठेवा. बेटा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि उडीही मारतो.