नवी बोट आधी वापरा, ड्रिल नंतर

नवी बोट ताब्यात आली की हात शिवशिवतात. ग्लास ठेवायला कडी इथे, स्पीकर तिथे, मासेमारीचा गळ उभा करायला नळी त्या कोपऱ्यात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या दहा फेऱ्या ड्रिल मशीन घरीच ठेवा. माझ्या साडेपाच मीटरच्या बोटीवर मी तेवढ्या काळात एकही भोक पाडलं नाही. एक वही, पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टीचं रीळ एवढंच बरोबर असायचं.

वहीत काय लिहायचं? कोण कुठे बसलं, किती वेळाने उठलं, कुठे हात टेकला, किती वाजता कुणाच्या डोळ्यावर ऊन आलं. लाट आली की माणूस आपसूक जिथे हात टाकतो तिथे मी पट्टीचा तुकडा चिकटवायचे. दहा फेऱ्यांनंतर सुकाणूच्या डाव्या अंगाला एकाच जागी सहा तुकडे साचले होते. हाताने धरायचा दांडा कुठे हवा याचं उत्तर मला आयतंच मिळालं. मध्ये टेबल हवं असं सगळ्यांनाच वाटत होतं. म्हणून पुठ्ठ्याचं टेबल कापून दोन फेऱ्या तसंच वापरलं, आणि प्रत्येकाचा गुडघा त्याला आपटला. टेबलाचा बेत तिथेच संपला.

माझ्या धाकट्या बहिणीला बोट लागते. ती हौसेने पुढच्या गाद्यांवर जाऊन बसायची आणि अर्ध्या तासात पांढरीफटक पडायची. बोटीचं नाक सगळ्यात जास्त वर-खाली होतं; मध्यापासून जरा मागे आणि खाली हालचाल सगळ्यात कमी असते. म्हणून जी एक चांगली, पाठीला आधार देणारी बैठक करायची होती ती मी तिथेच केली. वारा लागतो, समोर क्षितिज दिसतं, आणि आता ती पूर्ण दिवस आमच्याबरोबर असते. पुढच्या गाद्या नांगर टाकल्यावर लोळायला ठेवल्या.

आरामातला निम्मा वाटा सावलीचा. नळ्यांच्या कमानीवर ताणलेलं घडीचं कापडी छत, ज्याला बिमिनी म्हणतात, हाच माझा पहिला मोठा खर्च. कापड धाग्यातच रंग भरलेलं अॅक्रिलिक घ्या. वरून रंगवलेलं कापड उन्हात लवकर विटतं. शिवण सुती दोऱ्याची नको, ऊन सोसणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याची हवी, कारण कापड धडधाकट असताना शिवणच आधी उसवते. उंची ठरवताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला सुकाणूपाशी उभं करा. पण हौसेने फार उंच नेऊ नका. छत जितकं उंच तितकी सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं आत येतात, आणि वाऱ्यात ते शिडासारखं बोटीला ढकलतं. वारा वाढला की घडी करून बांधायचं, हे सगळ्यांना शिकवून ठेवा.

बाजूचे आणि मागचे पडदे लावणार असाल तर मात्र सावध राहा. बोट चालू असताना पुढून बंद आणि मागून उघडं असेल, तर इंजिनाचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं आणि आपण समजतो बोट लागली. पुढून वाऱ्याला वाट ठेवा आणि बंद केबिन असेल तर या वायूचा अलार्म बसवाच.

आता गाद्या. दुकानात बोटाने दाबून मऊ लागते ती गादी लाटांवर तासाभरात खाली टेकते. मी खाली बंद छिद्रांचा टणक फोम घेतला, तो पाणी पीत नाही, आणि वर दोन बोटं जाडीचा, पाणी आरपार निथळून जाईल असा मोठ्या छिद्रांचा फोम. वरून समुद्री वापराचं रेक्झिन, खालच्या बाजूला जाळीचं कापड. ही जाळी फार महत्त्वाची. सगळीकडून रेक्झिनने बंद केलेल्या गादीत शिवणीतून शिरलेलं पाणी अडकतं आणि काळी बुरशी धरते. डेकवर चिकटवायच्या फोमच्या चटया पायाला सुखद असतात, घसरणंही कमी होतं. फक्त रंग फिका निवडा. गडद चटईवर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.

एवढं झालं की भोकं. इथे घाई केली की बोट आतून कुजते, म्हणून सावकाश सांगते. फायबरच्या बऱ्याच बोटींचा डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये हलकं बाल्सा लाकूड किंवा फोम. स्क्रूच्या कडेने झिरपलेलं पाणी त्या गाभ्यात शिरलं की वरून काही दिसत नाही, पण पायाखाली डेक मऊ लागायला लागतो. माझ्या आधीच्या जुन्या बोटीवर कुणीतरी दांडा नुसता स्क्रूने बसवला होता. तो काढला तेव्हा भोकातून ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुसा बोटाला लागला.

म्हणून पद्धत अशी. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, कडेचा गाभा थोडा कोरून काढा, खालून पट्टी लावून भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेने, भरा. ते पूर्ण कडक झालं की त्यातच नेमक्या मापाचं भोक पाडा. आता स्क्रू गाभ्याला शिवतच नाही. भोकाच्या वरच्या कडेला किंचित उतार द्या, म्हणजे सीलंटचं, फटीतून पाणी शिरू न देणाऱ्या लुकणाचं, कडं तिथे बसतं. ज्यावर माणूस लोंबकळणार आहे तो दांडा आरपार बोल्टने, खालून रुंद पत्रा देऊन बसवा. खाऱ्या पाण्यात ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या, ३०४ वर तांबेरा लवकर येतो. सीलंट निवडतानाही जपा. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन वस्तूबरोबर डेकचा वरचा थरही उपटून आणतं. पुढेमागे काढावी लागेल अशा वस्तूला ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, पट्टी बरी.

विजेचा हिशेब कागदावर करा. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालताना साधारण ४ अँपिअर घेतो. तो निम्मा वेळ, म्हणजे १२ तास, चालला तर दिवसाला ४८ अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे १०० अँपिअर-तासांची अख्खी बॅटरी एका फ्रिजच्या नावाने. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, या चैनीच्या गोष्टींची वेगळी, हे मी पहिल्याच महिन्यात केलं. नांगरावर दिवसभर गाणी ऐकून संध्याकाळी इंजिन गप्प बसलंय, हे फार वाईट दृश्य असतं. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्या, फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवा. स्पीकर होकायंत्राजवळ नको, त्यातलं चुंबक सुई फिरवतं. खाली पायाशी मंद लाल दिवे लावा, रात्री अंधाराला सरावलेली नजर टिकते.

फ्रिज, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी, प्रत्येक वस्तूचं वजन वहीत लिहा. बोटीवर भाराची मर्यादा सांगणारी पाटी असते, आणि त्यात माणसांबरोबर हे सामानही येतं. जड वस्तू खाली आणि मध्याजवळ ठेवा.

शेवटची गोष्ट शिडीची. माझ्या बाबांचे गुडघे दुखतात, पण पोहायची हौस दांडगी. बोटीबरोबर आलेल्या शिडीची एकच पायरी पाण्याखाली जायची, तीही गोल नळीची. मी चार रुंद, चपट्या पायऱ्यांची घडीची शिडी बसवली. दोन पायऱ्या पाण्याखाली राहतात, आणि पाण्यातला माणूस ती स्वतःच ओढून उघडू शकतो. मग शांत पाण्यात इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात ठेवली आणि लाइफ जॅकेट घालून बाबा उतरले. कुणी हात द्यायचा नाही असं ठरलं होतं. पहिल्या वेळी ते वरच्या पायरीवर अडकले. उजवा हात धरायला काहीतरी शोधत होता आणि तिथे गुळगुळीत फायबरच होतं. ते हाताने शोधत होते त्याच जागी मी चिकटपट्टीचा तुकडा लावला. पुढच्या रविवारी तिथे दांडा बसवला, आणि बाबा एकटे वर आले.