चवथीआधीची डागडुजी: झटपट सेट होणारा माल

पायरीचा फुटलेला कोपरा किंवा तुळशीवृंदावनाचा निखळलेला चिरा (जांभा दगड) बसवायला झटपट सेट होणारं सिमेंट उत्तम. पण ते काही मिनिटांतच आवळतं, म्हणून घमेलंभर माल कालवू नका. थापीवर दोन-तीनदा येईल एवढाच घ्या, आणि पाणी पुडीवर लिहिलंय तेवढंच.

खरी मेहनत आधीची. आपला चिरा सच्छिद्र, मालातलं पाणी क्षणात शोषतो. मग माल भुसभुशीत राहतो आणि बोटानं खरवडला तरी सुटतो. म्हणून सैल माती, शेवाळ तारेच्या ब्रशनं पार काढा, चिरा पाणी पिऊन थांबेपर्यंत भिजवा. वर पाणी साचलेलं मात्र नको. मग माल खाचेत दाबून भरा. घमेल्यातला माल आवळू लागला तर पाणी घालून पुन्हा सैल करू नका, सरळ टाकून द्या. उन्हाच्या दिवसांत सावली आणि गार पाणी वापरा. हातमोजे हवेतच, सिमेंट कातडी भाजतं.

जुन्या घराच्या चुन्यातल्या भिंतीला हा माल लावू नका. तिथली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि शेजारचा चिरा झिजू लागतो. तिथे चुन्याचाच माल हवा.