हिरवं दिसलं म्हणून बाटली रिकामी करू नका

वाळवंटात सायकलवर माझी फसगत झाली ती ओसाड पट्ट्यात नाही, शेतांच्या पट्ट्यात. ओसाडात आपण जपून असतो. लसूणघासाची हिरवीगार शेतं दिसली आणि मला वाटलं, आलं पाणी! उरलेलं दीड लिटर मी खुशाल डोक्यावर ओतलं. पुढचे 30 किलोमीटर दोन्ही बाजूंना पीक डुलत होतं आणि प्यायला थेंब नव्हता.

कालव्यात पाणी असतं, पण त्यात खतं आणि कीटकनाशकं उतरलेली असू शकतात. आपल्याजवळचा छोटा फिल्टर जंतू अडवतो. विरघळलेले क्षार आणि बरीचशी रसायनं त्यातून तशीच पार होतात. आणि काँक्रीटच्या कालव्यात पाय गार करायलाही उतरू नका. कडा उतरत्या, त्यावर शेवाळ. घसरलात की वर यायला धरायला काही नाही.

म्हणून निघतानाच 6 लिटर घ्या. 6 किलो होतात, ते खाली बांधा, कॅरियरवर उंच रचू नका. घाम लगेच वाळतो, त्यामुळे तो कळतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले की समजायचं. एका लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ, असं एका बाटलीत कालवून ठेवा.

उजाडायच्या आधी, दिवे लावून निघा. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो. जमीन तापली की उठतो, आणि नेमका समोरून येतो (ही माझी तक्रार, विज्ञान नव्हे). अकराच्या आत दोन तृतीयांश अंतर उरका. मग गासड्यांच्या गंजीची सावली शोधा. बसण्याआधी गंजीच्या बुडाशी काठी आपटा, तिथे साप असू शकतो.

आता सराटे. त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद हवाच. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकावर टणक काटे. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर ते पसरलेले असतात. थांबायचं असेल तर सायकल ढकलत नेऊ नका, उचलून न्या. मी एकदा दहा पावलं ढकलली आणि दोन ट्यूबमध्ये मिळून नऊ भोकं मोजली. हवा टिकून असेल तर काटा उन्हात उपटू नका, कधीकधी त्यानंच भोक बुजवलेलं असतं; सावलीत गेल्यावर काढा. ठिगळ लावून झालं की टायरच्या आतून फडकं फिरवा. अडकलं तिथे काट्याचं टोक शिल्लक आहे.

रानात पाणी देणारे, चाकांवर गोल फिरणारे लांबलचक फवारे असतील तर अंतराचा अंदाज सोपा. असं एक वर्तुळ बहुधा 800 मीटर रुंद असतं. लागून पाच ओलांडली की साधारण 4 किलोमीटर झाले.

रात्री मात्र चौकोनी शेतात या वर्तुळाबाहेर उरलेल्या कोपऱ्यातल्या कोरड्या जागेला भुलू नका. फवाऱ्याच्या टोकाला कधीकधी एक तोफ असते, ती कोपऱ्यापर्यंत पाणी फेकते. मला हे रात्री दोनला कळलं. शेतमालकाला विचारा, कुणी भेटलं नाही तर चाकांची चाकोरी शोधा आणि तंबू तिच्यापासून चांगला लांब, उंचवट्यावर ठोका.