थ्री-वे सिरिंजची टिप: पक्की बसवणे, तपासणे आणि गळती ओळखणे

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात, विड्या वळून संसार चालवणाऱ्या एका आजींच्या दाढेत सिमेंट भरण्यापूर्वी मी ती जागा हवेने कोरडी करत होतो. बटण दाबताच थ्री-वे सिरिंजची (हवा, पाणी किंवा दोन्हींचा फवारा सोडणाऱ्या हातातल्या साधनाची) धातूची टिप, म्हणजे पुढची काढता येणारी नळी, सुटली आणि गालाच्या आतल्या बाजूला जाऊन अडकली. असिस्टंटने ती चिमट्याने लगेच बाहेर काढली. "काय पडलं ओ डॉक्टर?" एवढेच आजींनी विचारले. टिप गालाऐवजी घशाकडे गेली असती तर पुढची दुपार कशी गेली असती, हे मला चांगले ठाऊक होते. टिप बसवताना खटका ऐकू आला होता. असिस्टंटने तो ऐकला होता आणि मीही ऐकला होता. ओढून मात्र दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते. नंतर भिंगाखाली धरली तेव्हा टिपच्या खाचेत पांढऱ्या क्षारांचा थर साचलेला दिसला. त्या दिवसापासून आमच्याकडे टिप बसवण्याची जी पद्धत पाळली जाते, ती नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि विशेषतः असिस्टंटसाठी येथे मांडत आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की टिपच्या जोडणीकडे दोन वेगवेगळी कामे असतात आणि ती दोन वेगवेगळे भाग करतात. टिप जागेवर धरून ठेवणे हे कॉलरचे (टिपभोवतीच्या कड्याचे) किंवा कुलपाचे काम आहे. हवा आणि पाणी एकमेकांत मिसळू न देणे आणि बाहेर न सोडणे हे आतल्या रबरी ओ-रिंगांचे काम आहे. हा फरक मनात नसला की गळणारी टिप दिसताच पक्कड आणून कॉलर आवळली जाते, त्याने गळती थांबत नाही आणि कॉलरचे आटे मात्र जातात. उलट बाजूनेही फसगत होते: नवी, घट्ट ओ-रिंग टिपला इतकी धरते की कुलूप लागलेले नसतानाही टिप पक्की बसली असे हाताला वाटते, आणि हवेचा दाब आला की तीच टिप निसटते.

हा दाब किती असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. डेंटल चेअरच्या सिरिंजला हवा साधारणपणे 60 ते 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने येते. टिपची जाडी 4 मिलिमीटर धरली आणि तिचे टोक दाढेला किंवा कापसाच्या बोळ्याला टेकून हवा अडली, तर टिपला बाहेर ढकलणारा रेटा अर्ध्या किलोहून थोडा अधिक भरतो. म्हणून तपासताना टिप चिमटीत धरून, भरलेला तांब्या उचलायला लागतो तेवढा जोर लावून सरळ ओढावी. त्याहून हलक्या ओढीने काहीच कळत नाही.

बाजारात मिळणाऱ्या सिरिंजांमध्ये जोडणीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला झटपट कुलपाचा. यात टिपच्या मागच्या टोकाजवळ गोल खाच असते आणि सिरिंजच्या डोक्यात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक गोळ्या किंवा एक कडी असते. टिप आत ढकलली की ती कडी खाचेत उतरते आणि खटका लागतो. काढताना कॉलर मागे ओढावी किंवा दाबावी लागते. दुसरा प्रकार आट्यांच्या कॉलरचा, ज्यात टिप आत सरकवून कॉलर फिरवली की आतली शंकूच्या आकाराची पकड टिपला आवळते. तिसरा म्हणजे एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या टिपसाठी मूळ सिरिंजच्या डोक्यात बसवलेला धातूचा ॲडॅप्टर. माझ्या मते यातला तिसरा प्रकार सर्वांत जास्त सावधगिरीचा आहे, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन कंपन्यांच्या टिपांच्या जाडीत केसाएवढा फरक असला तरी एक टिप पक्की बसते आणि दुसरी नुसती अडकून राहते. ॲडॅप्टर ज्या टिपसाठी बनवलेला आहे तीच टिप मागवावी. दुकानदाराने "ही पण बसते" असे सांगितले तर संपूर्ण खोका घेण्याआधी एक टिप आपल्या सिरिंजवर बसवून ओढून पाहावी.

टिप बसवताना

बसवण्यापूर्वी टिप थंड आणि कोरडी असावी. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) नुकतीच काढलेली गरम टिप ओ-रिंगमध्ये घुसवल्यास रबराचे आयुष्य घटते. टिपचे मागचे टोक उजेडात धरून पाहावे: खाचेत पांढरा थर नसावा, कडेला ओरखडा किंवा चपटेपणा नसावा, आतली पाण्याची बारीक नळी मध्यभागी आणि सरळ असावी. वाकलेली टिप हाताने सरळ करून पुन्हा वापरू नये, कारण वाकवताना मागचे टोकही थोडे अंडाकृती होते आणि तेथून गळती सुरू होते.

यानंतर सिरिंज एका हातात धरून, बटणांवर बोट न ठेवता, टिप सरळ रेषेत आत ढकलावी. तिरकी ढकलली तर तिची कडा ओ-रिंगला कापते, आणि हे कापणे बाहेरून दिसत नाही. झटपट कुलपाच्या सिरिंजमध्ये खटका लागेपर्यंत ढकलावे आणि कॉलर आपोआप आपल्या मूळ जागी आली का ते पाहावे. ती किंचित जरी मागे राहिली असेल तर कुलूप लागलेले नाही असेच समजावे. आट्यांच्या कॉलरमध्ये टिप अगदी तळाला टेकवून मग कॉलर हाताने फिरवावी. बोटांच्या जोराने जेवढी घट्ट होते तेवढी पुरे असते. पान्हा किंवा पक्कड यांची येथे गरज नसते. ती भासत असेल तर दोष आत कोठेतरी आहे.

मग ओढून पाहावे. बऱ्याच झटपट कुलपांमध्ये टिप स्वतःभोवती फिरते, आणि ते योग्यच आहे, कारण वरच्या दाढांसाठी टोक वळवून घेता यावे म्हणूनच तशी रचना केलेली असते. टिप फिरते म्हणून ती सैल आहे असे समजून कॉलर आवळत बसू नये. पण टिप आतबाहेर हलली, अगदी नखाएवढीही हलली, तर ती रुग्णाच्या तोंडाजवळ नेऊ नये. आमच्याकडे टिप बसवणारा एकदा ओढतो आणि सिरिंज हातात घेणारा डॉक्टर पुन्हा एकदा ओढतो. पाच सेकंदांचे हे काम दिवसातून वीस वेळा करावे लागले तरी त्याचा कंटाळा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी टोक थुंकीपात्राकडे करून तिन्ही प्रकारे चालवून पाहावे: आधी नुसती हवा, मग नुसते पाणी, मग फवारा. नव्या रुग्णाच्या आधी 20 ते 30 सेकंद पाणी आणि हवा सोडून नळी धुऊन काढायची असतेच. ही चाचणी त्याच वेळात होऊन जाते. एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. ही चाचणी रुग्ण खुर्चीत आडवा असताना त्याच्या तोंडावर धरून करू नये.

गळती कोठून, ते ओळखणे

येथे थोडे थांबून पाहावे लागते. बहुतेक रचनांमध्ये पाणी टिपच्या मधल्या नळीतून जाते आणि हवा तिच्या भोवतालच्या पोकळीतून जाते. आत खोलवर असलेली लहान ओ-रिंग पाण्याची नळी बंद करते आणि तोंडाजवळची मोठी ओ-रिंग हवेला बाहेर पडू देत नाही. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की लक्षणे वाचता येतात. नुसत्या हवेचे बटण दाबून ती कोरड्या आरशावर सोडावी. आरशावर थेंब उमटले तर आतली लहान रिंग गेलेली असण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. कॉलरजवळ फुस्स असा आवाज येत असेल तर बाहेरची मोठी रिंग पाहावी. कॉलरजवळून पाणीच झिरपत असेल तर बहुधा दोन्ही रिंगा बदलण्याची वेळ आलेली असते, कारण पाणी आधी आतल्या रिंगेतून हवेच्या पोकळीत आणि तेथून बाहेर आलेले असते. बटण सोडल्यानंतरही टोकातून थेंब गळत राहिले तर मात्र दोष टिपच्या जोडणीत नसून बटणाखालच्या वाल्व्हमध्ये आहे. आरशावर तेलकट डाग दिसला तर कॉम्प्रेसर आणि त्याचा फिल्टर तपासावा, टिपकडे पाहण्याची गरज नाही.

ओलसर हवेकडे दुर्लक्ष करू नये. कंपोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) भरण्यासाठी आम्लाने खरवडून, धुऊन कोरड्या केलेल्या इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, पाण्याचा सूक्ष्म शिडकावा झाला तर बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारा थर) नीट धरत नाही, आणि काही महिन्यांनी फिलिंग निघून आले की रुग्ण फिलिंगला दोष देतो. दोन-पाच रुपयांच्या रबरी रिंगेने केलेले ते नुकसान असते.

रिंग बदलण्यासाठी आधी चेअरची हवा आणि पाणी मुख्य स्विचवरून बंद करावे आणि दोन्ही बटणे दाबून नळीत अडकलेला दाब सोडून द्यावा. टिप काढून कॉलर उघडावी. जुन्या रिंगा बोथट टोकाच्या जुन्या प्रोबने हळूच उचलाव्यात. टोकदार एक्सप्लोररने उचलल्यास रिंगेच्या खोबणीत ओरखडा पडतो आणि मग नवी रिंगही गळू लागते. कोणती रिंग कोठून निघाली त्याचा कॉलर उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खोबणी पुसून नवी, त्याच मापाची रिंग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लावून बसवावी. व्हॅसलीन लावू नये, कारण त्यातल्या खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते. सायकल किंवा पंपाच्या दुकानातून मिळालेली "जवळपास त्याच मापाची" वायसर रिंग तात्पुरती म्हणूनही वापरू नये.

सोलापूरचे पाणी आणि ऊन

आपल्या शहराला उजनी धरणाचे पाणी मिळते, पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत टाकीतले, बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच टिपच्या खाचेत आणि कुलपाच्या गोळ्यांभोवती बसतो, आणि कडी खाचेत पूर्ण उतरू देत नाही. खटका वाजतो, पण कुलूप अर्धेच लागते. आजींच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. म्हणून ज्या चेअरला स्वतंत्र पाण्याची बाटली लावता येते तेथे डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी भरावे, आणि रोज रात्री बाटली रिकामी करून कोरडी ठेवावी. आरओचे पाणी असले तरी ते निर्जंतुक नसते, त्यामुळे नळ्यांचे ठरावीक काळाने निर्जंतुकीकरण करावेच लागते. धातूच्या टिपा आठवड्यातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून, मऊ ब्रशने खाच घासून, भरपूर पाण्याने धुऊन घ्याव्यात. मुलामा उडालेल्या टिपा टाकून द्याव्यात.

उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या डब्यात खिडकीशी ठेवलेल्या रिंगा कडक होतात. त्या बंद पाकिटात, सावलीत ठेवाव्यात. यूव्ही कपाटात तर रिंगा किंवा प्लॅस्टिकच्या टिपा मुळीच ठेवू नयेत, कारण त्या किरणांनी रबर चिरते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होते.

धातूची टिप प्रत्येक रुग्णानंतर काढून, आतून पाणी सोडून, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी स्वच्छ करणाऱ्या यंत्रात) स्वच्छ करून, पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्ह करावी. नुसती स्पिरिटने पुसून ती पुढच्या रुग्णाला वापरणे चुकीचे आहे. आतली नळी अरुंद असल्याने वाफ आत पोचणे अवघड जाते, म्हणून पोकळ साधनांसाठी आतली हवा खेचून घेणारा बी क्लास ऑटोक्लेव्ह चांगला. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी एकदाच वापरायच्या टिपा घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. वापरलेल्या प्लॅस्टिकच्या टिपा 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लाल पिशवीत जातात. त्या धुऊन पुन्हा वापरू नयेत.

टिप तोंडात सुटलीच तर

बटणावरचे बोट त्याच क्षणी उचलावे. रुग्णाला उठवून बसवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण बसताच वस्तू घशात उतरते. खुर्ची आडवीच ठेवून मान एका बाजूला वळवावी आणि टिप दिसत असेल तर चिमट्याने किंवा मोठ्या सक्शनने काढावी. न पाहता बोट घालून चाचपडू नये. रुग्ण जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल आणि श्वास अडकला असेल तर पाठीवर थापा आणि पोटावर दाब देण्याची प्राथमिक उपचाराची पद्धत लगेच सुरू करावी आणि सोबतच रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकावर फोन करावा. टिप सापडली नाही तर, रुग्णाला काहीही त्रास जाणवत नसला तरी, त्याला घरी न पाठवता छाती आणि पोटाच्या एक्स-रेसाठी स्वतः सोबत घेऊन जावे. धातूची टिप एक्स-रेमध्ये दिसते. प्लॅस्टिकची बहुधा दिसत नाही. त्यामुळे कोणत्या प्रकारची टिप होती हे तेथील डॉक्टरांना आधीच सांगावे आणि त्याच खोक्यातली दुसरी टिप नमुना म्हणून सोबत न्यावी.